गजभिये सरांच्या खुणा

गाडी बघायला गेले की गजभिये सर सगळ्यांत आधी मालकाला गॅरेजच्या बाहेर काढायचे. मस्कतच्या भर जूनमध्येसुद्धा. मालक अर्बाब, म्हणजे ओमानी शेठ, असो नाहीतर कंपनीचा जनरल मॅनेजर, ‘आप बाहर जाइए, एसी में बैठिए, इधर नहीं,’ असं सांगून ते शटर अर्धं ओढून घ्यायचे. मग पॅंटची पर्वा न करता फरशीवर आडवे व्हायचे आणि गाडीखालून मला सांगायचे, ‘मालक जवळ असला ना बाई, की तो गाडीला बोलूच देत नाही. बापानं घेतली, अशी आणली, तशी आणली. गाडी बिचारी खाली मान घालून उभी. उजेड धर इकडे.’

त्या गाड्या म्हणजे जुन्या अमेरिकन मसल कार. साठीच्या दशकाच्या शेवटच्या, दोन दारांच्या, लांब नाकाच्या, पेट्रोल पिणाऱ्या. आखातात त्यांचे शौकीन पुष्कळ. त्या काळी अमेरिकेत गिऱ्हाईक गाडी नोंदवताना आपल्या आवडीच्या गोष्टी कारखान्यातच घालून घ्यायचं. मोठं इंजिन की लहान, ऑटोमॅटिक की हातगिअर, एसी, रेडिओ, बाजूचे पट्टे. ज्या गाडीत दुर्मिळ गोष्टी कारखान्यातूनच आल्या तिला आज मान. त्यामुळे साध्या गाडीला नंतर नटवून भारी म्हणून उभी करणारेही भरपूर. गजभिये सर सांगायचे ती एवढीच गोष्ट: या गाडीत जन्मतः काय होतं आणि मागून काय चिकटवलं. दिवसभर ते एका एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर. हे काम सुट्टीचं. पण सोहारपासून दुबईपर्यंतचे शौकीन त्यांच्या सहीचा कागद मानायचे, कारण त्या माणसाने कुणाचीच भीड कधी ठेवली नव्हती.

स्वतःच्या पोराचीही नाही. नागपूरला शाळेच्या प्रदर्शनात पोराने पाणबुडीचं मॉडेल मांडलं होतं. मोटार आपण बसवून दिली आहे, हे सरांनी स्वतः परीक्षकांकडे जाऊन सांगितलं. पोराला बक्षीस मिळालं नाही आणि बापाला पोरगा. हे मला त्यांनीच सांगितलं, डाव्या हाताने गाडीचा पत्रा चाचपत, जणू दुसऱ्या कुणाचीतरी हकिगत सांगावी तसं.

मी मस्कतला आले ती २०१५च्या सुमारास. अल् खुवैरमध्ये एका कन्सल्टन्सीत ड्रॉइंगचं काम, आणि राहायला अल अमेरातला प्रभाकरमामाकडे. माझे वडील औरंगाबादला छापखाना चालवतात. चळवळीची पत्रकं मी वाचता येण्याआधी घड्या घालण्याइतकी ओळखत होते. त्या पत्रकांत एक शब्द दर दोन ओळींनी यायचा: पुरावा. देव आहे म्हणता, पुरावा द्या. आम्ही हलके म्हणता, पुरावा द्या. त्यामुळे सीबला शुक्रवारच्या बुद्धवंदनेत जेव्हा एका टकल्या, कृश माणसाने मला पहिल्याच भेटीत ‘नाव सांग, आडनाव तुझ्याजवळ ठेव, गाव विचारलं तरी सांगू नको’ असं बजावलं, तेव्हा मला वाटलं, आमच्या पत्रकांतून एक माणूस उठून बाहेर आला आहे. गजभिये सरांच्या डोळ्यांना गाडीखालचं दिसेनासं झालं होतं. बॅटरी धरायला आणि इंग्रजीत कागद टाइप करायला कुणीतरी हवं होतं. मी लागलीच हो म्हणाले.

त्यांचं खरं रूप मी पाहिलं ते मदिनत काबूसमधल्या एका बंगल्यात. मालक पुण्याचे, एका मोठ्या कंपनीचे मॅनेजर. त्यांनी नुकतीच एक निळी गाडी घेतली होती आणि ती दाखवायला पंधरा-वीस मंडळी जेवायला बोलावली होती. सरांना कागद द्यायला बोलावलं होतं, म्हणजे शोभेला. जेवणाआधी मॅनेजरसाहेबांनी आमच्याकडच्या त्या ठेवणीतल्या गोड आवाजात विचारलं, ‘गजभिये म्हणजे... मूळ गाव कुठलं आपलं?’

‘गाडी बघायला बोलावलं ना मला?’ सर म्हणाले. ‘मंग गाडीचं खानदान काढू. माझं काहून काढून राहिले तुम्ही?’

कुणीतरी हसलं. मॅनेजरसाहेबही हसले. त्यांना वाटलं विषय मिटला. सर गाडीकडे गेले, बॉनेट उघडायला लावलं, आणि मालकांसह सगळ्यांना तिथेच उभं राहू दिलं. मी दचकले, कारण असं ते कधी करत नसत. त्यांनी इंजिनच्या मागच्या पत्र्यावर, जिथून एसीचे पाइप आत जातात तिथे, बोट ठेवलं.

‘हा एसी कारखान्यातला, असं सांगितलं तुम्हाला?’

‘ओरिजिनल. विकणाऱ्याने लिहून दिलंय.’

‘कारखान्यातलं भोक साच्यात दाबून पाडतात. कड आत वळते. हे करवतीनं कापलं आहे. हात लावा ना. लावा. वहिनी, तुम्हीही लावा.’ मॅनेजरसाहेबांच्या बायकोने खरंच बोट लावलं आणि लगेच ओढून घेतलं. ‘कापलं ना? करवतीची धार आहे. पट्टेही रंगाचे नाही, चिकटवलेले आहेत, नखाला लागते कड. सीट दुसऱ्या गाडीची. घरी आणून, पावडर लावून, चांगल्या घरची म्हणून उभी केली बिचारीला.’

मॅनेजरसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ‘पण दिसायला काय वाईट आहे?’ ते म्हणाले.

‘वाईट कोण म्हणून राहिलं? मी म्हणतो, जशी आहे तशी म्हणा. आणि एक सांगतो साहेब. गाडीला जन्म असतो. कारखाना असतो, साचा असतो, कोण्या दिवशी सरकत्या पट्ट्यावरून उतरली ते असतं. म्हणून गाडीचा जन्म काढता येतो. माणसाचा काढायचा नसतो. तुम्ही नेमकं उलटं करून राहिले. गाडीला विचारलं नाही आणि मला विचारलं.’

आम्ही न जेवता निघालो. परतीच्या रस्त्यावर मी इतकी खुशीत होते की शोरूमच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. चौकात सरांनी मला मधेच तोडलं. ‘हसतेस काहून? तो माणूस वाईट नव्हता. त्याला फसवलं होतं. पण बायकोसमोर सांगितलं नसतं तर तो विसरला असता.’ त्यांच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. त्या दिवशी मला हे फार थोर वाटलं.

गाडीच्या पोटाखाली मात्र तोच माणूस वेगळा असायचा. तिथे त्यांचा आवाज मऊ व्हायचा. कारखान्यातल्या कामगारांनी घाईत केलेली, वेडीवाकडी, ओबडधोबड कामं त्यांना सोन्यासारखी वाटायची. एखाद्या सांध्यावर भरलेल्या लांबीत, म्हणजे पुट्टीत, कुणा कामगाराच्या बोटाचा ओढा तसाच वाळून राहिलेला दिसला, की ते माझा हात धरून बॅटरी तिथे स्थिर करायचे. ‘पाहा. भेट याला. शिफ्ट सुटायची वेळ झाली असन. पत्रा जोडला, लांबी लावली, बोट फिरवलं आणि पळाला घरी. काळा होता की गोरा, लांबीला माहीत नाही. भारी गाडी म्हणजे अशी घाणेरडी गाडी. जिथं सफाई दिसली, तिथं नंतरचा हात आला समज.’

या खुणा ते कुणालाही सांगत नसत. मलाही त्यांनी समजावून अशा कधी दिल्या नाहीत. उजेड धरताना कानावर पडेल ते माझं. गॅरेजवाले चहा पाजून विचारायचे, साब, पता कैसे चलता है? सर चहा पिऊन उठायचे. ‘खूण सांगितली की खूण मेली,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज सांगितली की उद्या वादी कबीरची सगळी गॅरेजं तीच खूण बनवायला बसणार.

आता प्रभाकरमामाबद्दल. मामा डेंटर. म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारा, जोडणारा, गुळगुळीत करणारा. औरंगाबादेत त्याचा हात नावाजलेला होता. मस्कतला तो हमूद नावाच्या अर्बाबच्या गॅरेजवर होता, आणि ते काम त्याला गजभिये सरांच्याच शब्दावर मिळालं होतं. मामा सरांना साहेब म्हणायचा आणि त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायचा नाही. मामी, आणि इंडियन स्कूलमध्ये दहावीत असलेली प्राची, असं त्याचं घर. मामाच्या व्हिसावर ते घर उभं होतं. अर्बाबने काढलं आणि एनओसी दिली नाही, तर दोन वर्षं ओमानमध्ये परत पाय ठेवता येत नाही, हे आमच्या सगळ्यांच्या डोक्यात कायम असायचं.

अर्बाब हमूदकडे त्याच्या वडिलांची एक जुनी गाडी होती. हिरवी, मोठ्या इंजिनाची, आणि हातगिअरची. म्हाताऱ्याने ती सत्तरच्या दशकात कुवेतहून वाळवंटातून चालवत आणली, असं घरात सांगितलं जायचं. मूळ गिअरबॉक्स कधीच जळून बदलला गेला होता आणि बॉनेटखालचा, कारखान्यातून काय काय आलं ते सांगणारा सांकेतिक आकड्यांचा पत्राही हरवला होता. म्हातारा गेल्यावर अर्बाबने ठरवलं की दुबईच्या प्रदर्शनात, जशी जन्मली तशीच राहिलेल्या गाड्यांच्या गटात, बाबांची गाडी उभी करायची. त्याआधी ती दुरुस्त करायला त्याने मामाकडे दिली आणि सांगितलं, ‘प्रभाकर, एकदम नया जैसा. यल्ला, शुरू करो.’

मामाने चार महिने त्या गाडीवर जीव ओतला. शुक्रवारी वंदनेनंतर तो सरांना सांगायचा, ‘साहेब, हमूदच्या बापाची गाडी करतोय. तळ पार सडलाय का बघितलं, नाही सडलेला. मस्त पत्रा.’ सर म्हणायचे, ‘हां. कर.’ मी तिथेच उभी असायची. ‘हां. कर.’ यापलीकडे सर बोलले नाहीत.

कागद करायला आम्ही गेलो तेव्हा गाडी आरशासारखी चमकत होती. नेहमीप्रमाणे अर्बाब बाहेर गेला. मामा कोपऱ्यात हात पुसत उभा. सर खाली गेले, मी उजेड धरला. हातगिअरच्या गाडीला जमिनीच्या पत्र्यात गिअरच्या जागी एक उंचवटा असतो. कारखान्यात तो वेगळा तुकडा वरून ठोकून जोडत. सांधा ओबडधोबड, लांबी फासलेली. ऑटोमॅटिकची हातगिअर केलेली गाडी याच सांध्यावर पकडली जाते, कारण गॅरेजवाला सांधा नीट करतो. सरांनी बराच वेळ त्या जागेवर नुसता हात फिरवला. सांधा नव्हताच. ओल्या साबणासारखा गुळगुळीत पत्रा होता.

‘प्रभाकर,’ ते खालूनच म्हणाले, ‘इथं काय होतं?’

‘होतं काहीतरी वेडंवाकडं, साहेब. वेल्डिंगचे टाके वर आलेले, लांबी अशी बोटानं फासल्यासारखी.’ मामाचा आवाज उत्साहाचा होता. ‘मला वाटलं कुणाचं तरी काम अर्धं राहिलंय. पूर्ण करून टाकलं. ग्राइंडर मारला, नवी लांबी, सांधा कुठे होता ते आता मलाही सांगता येणार नाही.’

सर बाहेर आले. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. कारण येताना वाटेत त्यांनीच सांगितलं होतं, ही गाडी त्यांनी आधी पाहिली होती. अर्बाबचा बाप जिवंत असताना, सीबच्या जुन्या सूकमागे, बाजारामागच्या गल्लीत, ते तिच्याखाली झोपले होते. तो बोटाचा ओढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

अर्बाब आत आला. ‘हां, गजभिये? मज़बूत? सब सही?’

‘हातगिअर कारखान्यातला आहे, असं मी लिहू शकत नाही.’ हे ते हिंदीत म्हणाले, पण त्यांची हिंदीही नागपूरचीच होती.

अर्बाबला आधी कळलंच नाही. ‘तुमने देखा था न? मेरे वालिद के टाइम पे? तुम खुद बोला था, असली है.’

‘देखा था. असली थी. आज जो गाड़ी बताएगी, वही लिखूँगा. मेरी याद सबूत नहीं है. कल मैं मर जाऊँगा, कागज रहेगा.’

‘तो मेरा बाप झूठा?’

‘नहीं. सबूत था. घिस गया.’

‘किसने घिसा?’

इथे त्यांना गप्प राहता आलं असतं. वयाने घिसला, गंजाने घिसला, माहीत नाही, काहीही. किंवा नुसतं गप्प. मी बॅटरी हातात धरून त्यांच्याकडे बघत होते, मामाही बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अजून शाबासकीची वाट बघणारं हसू होतं.

‘आपके आदमी ने,’ सर म्हणाले. आणि वर म्हणाले, ‘बहुत अच्छे हाथ से घिसा है. ऐसी सफाई मैंने मस्कत में नहीं देखी.’

अर्बाब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मामाने ओरडणं पुष्कळ ऐकलं होतं. अर्बाब गाडीजवळ गेला, दार उघडून आत बसला, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. मग मामाकडे न बघता म्हणाला, ‘खलास. तुम जाओ घर. इंडिया जाओ.’

‘अर्बाब, आपने बोला था नया जैसा...’

‘खलास बोला ना.’

एनओसीसाठी मामाने तीन वेळा माणसं मध्ये घातली. अर्बाबने प्रत्येकाला चहा दिला आणि प्रत्येकाला सांगितलं, त्याने माझ्या बापाचा हात पुसून टाकला. दुसरीकडे काम करायला मी त्याला माझ्या सहीने पाठवू? शेवटचा माणूस म्हणून मामा गजभिये सरांकडे गेला. सरांनी शब्द टाकला असता तर अर्बाब कदाचित वळला असता. सर म्हणाले, ‘मी काय सांगू त्याला? तू केलं नाही म्हणून? केलं ना तू.’

मामा घरी आला आणि मामीला म्हणाला, ‘साहेब बरोबर आहेत.’ मामीने भाकरीचं पीठ तसंच ठेवून हात धुतले. ‘साहेब बरोबर, अर्बाब बरोबर,’ ती म्हणाली, ‘मग आपण कशाची बॅग भरतोय?’

दहावीची परीक्षा तोंडावर असताना प्राचीची शाळा सुटली. ती मराठीत अडखळायची, इंग्रजीत भांडायची. जाण्याच्या आधी ती एवढंच मराठीत बोलली: ‘दीदी, मला तिकडे मराठी मीडियम नाही ना टाकणार?’ एअरपोर्टवर मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘साहेबांशी भांडू नको विशाखा. आपला माणूस आहे.’

मी भांडले. त्याच संध्याकाळी, अल् खुवैरला, त्यांच्या फ्लॅटवर.

‘मामा ती गाडी करतोय, तुम्हाला माहीत होतं.’

‘माहीत होतं.’

‘खाली हात लावू नको. एवढं एक वाक्य. चार महिने दर शुक्रवारी भेटत होता तुम्हाला.’

‘एक वाक्य एका डेंटरला सांगितलं की महिन्यात सगळ्या गॅरेजांत जातं. मंग नकली गाड्यांत तेच बनवतात. खूण सांगितली की...’

‘आणि माणूस?’

‘माणूस दुसरीकडे काम करन. चांगला डेंटर आहे.’

‘सर, आमच्या घरी छापखाना आहे. मी लहानपणापासून एकच गोष्ट घडी घालत आले. ज्यांच्याकडे ज्ञान होतं त्यांनी ते झाकून ठेवलं. आणि ज्यांना कळू दिलं नाही, त्यांनाच कळत नाही म्हणून शिक्षा दिली. हे कुणी केलं आपल्याशी, सर? तुम्ही सांगा. तुम्ही तर वाचलंय सगळं.’

पहिल्यांदाच मी त्यांना बिथरलेलं पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘तोंड सांभाळ, बाई,’ ते म्हणाले. ‘त्यांनी झाकलं ते खोटं होतं. मी राखून राहिलो ते खरं आहे.’

‘झाकलेलं खरं कुणाच्या कामाचं?’

‘दार लावून घे जाताना.’

मी दार लावून घेतलं आणि मामाच्या रिकाम्या घरी येऊन माझ्या बापाची पोरगी जे करेल ते केलं. पत्रक लिहिलं. सोप्या हिंदीत, एका पानाचं. वर लिहिलं: डेंटर भाइयो, इसे मत घिसो. खाली, उजेड धरताना जे जे कानावर पडलं होतं ते सगळं. कोणता सांधा ओबडधोबड ठेवायचा, कोणतं भोक कारखान्याचं, कोणती लांबी खरवडायची नाही, बॉनेटच्या आत रंग कुठे पातळ असतो, आणि काय नंतरचं असतं, खुशाल साफ करा. ओमानमध्ये रस्त्यावर कागद वाटत फिरणं परदेशी बाईला परवडणारं नाही. मी ते व्हॉट्सॲपवर सोडलं आणि काही झेरॉक्स वादी कबीरच्या चहावाल्याकडे ठेवल्या. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मल्याळम करून दिलं. आठवड्यात ते पत्रक माझ्याकडेच तीन अनोळखी नंबरांवरून परत आलं. मला वाटलं, मामाला आणता येत नाही, पण पुढचा प्रभाकर तरी जाणार नाही.

सर काही महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी वंदना संपल्यावर म्हणाले, ‘चल. एक गाडी दाखवतो.’

गाला भागातलं गॅरेज होतं. त्यांनी मालकाला बाहेर पाठवलं नाही, कारण मालक नव्हताच. गाडी विकायला काढलेली, पिवळी, देखणी. ‘जा खाली,’ ते म्हणाले. या वेळी बॅटरी त्यांनी धरली. मी गिअरच्या उंचवट्याखाली सरकले. सांधा ओबडधोबड होता, टाके वर आलेले, आणि लांबीत एका बोटाचा लांब ओढा.

‘भेटला कामगार?’ वरून आवाज आला.

मी ओढ्यावर बोट ठेवलं. लांबी अजून नरम होती.

‘तुझ्या पत्रकातला आहे तो,’ सर म्हणाले. ‘या महिन्यातली चौथी गाडी. सगळ्यांनी बोट फिरवलं. काही जण तर दोन-दोन बोटं फिरवून राहिले.’

मी बाहेर आले. माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी दिलं. म्हटलं, खोटी करणारे तर आधीही खोटीच करत होते, पण पत्रक नव्हतं तेव्हा खरी गाडी आणि खरा माणूस दोन्ही गेले. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. खिशातून माझ्या पत्रकाची घडी काढली, चष्मा लावला.

‘हिंदी चांगली लिहितेस. पण यातल्या दोन खुणा चुकीच्या आहेत.’

‘कोणत्या?’

त्यांनी घडी परत खिशात ठेवली. ‘ते सांगितलं तर माझ्याजवळ काय राहिलं? बाकीच्या सगळ्या तू मारल्या. आता जो नकली करतो तो तुझा कागद वाचून करतो, आणि त्या दोन चुकाही करतो. मी त्याच दोन जागा पाहतो. या गाडीतही दोन्ही आहेत.’

‘आणि जो खरी गाडी हातात घेऊन, माझ्या कागदावर विश्वास ठेवून काम करेल तो? तुम्ही त्यालाही नकली म्हणणार?’

‘त्यानं गाडीला विचारावं,’ ते म्हणाले. ‘कागदाला काहून विचारून राहिला?’

मी त्यांच्या हातापाया पडले नाही, पण त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी विचारलं. चिडून विचारलं, शांतपणे विचारलं, एकदा सगळ्यांसमोर विचारलं. मंडळी म्हणाली, सांगा ना सर, पोरगी एवढी विचारतेय. ते शिऱ्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, ‘एवढे दिवस उजेड धरला ना तिनं? तिला दिसायला पाहिजे.’ नंतर ते साठीला आले, नोकरी संपली, नागपूरला गेले. निरोपाच्या जेवणात मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला आपल्या ताटातली जिलबी दिली. खुणा दिल्या नाहीत.

वर्षभरात ते गेले. झोपेत. पोरगा शेवटचं बघायला आला होता म्हणतात. वंदनेच्या मंडळाने त्यांच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून लेख मागितला आणि वर सुचवलं की ‘सत्यनिष्ठ’ हा शब्द कुठेतरी यावा. तो शब्द मी इथे लिहिला आहे, कारण तो खरा आहे. ते कधीही खोटं बोलले नाहीत. म्हणूनच मला ठाऊक आहे की माझ्या पत्रकातल्या दोन खुणा नक्की चुकीच्या आहेत. ते पत्रक आजही फिरतं आहे. मी मागे घ्यायला निघाले तर कुठून घेणार? आणि सगळंच मागे घेतलं तर बाकीच्या खऱ्या खुणाही जातील, नि कुठलातरी डेंटर पुन्हा कुणाचं तरी अर्धं राहिलेलं काम पूर्ण करून टाकेल.

सर गेल्याचं कळवायला मी मामाला फोन केला. तो औरंगाबादला आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडतो. मग मी त्याला पत्रक पाठवलं. म्हटलं, मामा, तू ती गाडी चार महिने खालून बघितलीस. तुझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही. यातल्या दोन चुकीच्या आहेत, बघ तुला ओळखता येतात का.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याने मामीकडून मोठ्याने वाचून घेतलं होतं, दोनदा.

‘मला तर सगळ्या बरोबरच वाटतात गं,’ मामा म्हणाला.